वाटेवरचा देहधर्म

इतिहासाच्या ग्रंथांत लढाया, तह आणि सिंहासनें यांस जेवढी जागा मिळते, तेवढी माणसाच्या देहधर्मास मिळत नाहीं. आणि तें स्वाभाविकहि आहे. ज्या गोष्टीचा उच्चार चारचौघांत करावयाचा नाहीं, तिची नोंद कोण ठेवणार? परंतु उच्चार टाळला म्हणून गरज टळत नाहीं. ज्याला बोलून दाखविण्याची सोय नाहीं, त्याच्याच अंगावर तिचा सारा भार पडतो. आज शहरोशहरीं घरपोंच माल आणून देणारा जो मोटारवाला किंवा दुचाकीवाला आपण पाहतों, तो दिवसाकाठीं कित्येक दारें ठोठावतो. पण त्यांपैकीं एक तरी दार त्याच्या या गरजेसाठीं उघडेल, अशी खात्री त्याला नसते. हा प्रश्न अलीकडच्या घरपोंच व्यापारानें निर्माण केला, असा समज आहे. आम्हांस तो घोडागाडीइतका जुना वाटतो. आणि लंडन शहराचा गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास चाळला असतां त्याचें मूळ कोठें आहे, हें चांगलें दिसून येतें.

सन १८५१ मध्यें लंडनच्या हाइड पार्कांत जें सुप्रसिद्ध प्रदर्शन भरलें, त्यांत जॉर्ज जेनिंग्ज नांवाच्या कसबी गृहस्थानें पाण्यानें धुतले जाणारे शौचकूप बसविले. दर एक पेनी होता, आणि प्रदर्शन संपेपर्यंत ८,२७,२८० लोकांनीं तो दिल्याची नोंद झाली. शौचास जाण्याला 'पेनी खर्च करणें' म्हणण्याचा इंग्रजींतील सभ्य प्रघात या पेनीच्या चालींतूनच निघाला. घराबाहेर पडलेल्या माणसाला ही सोय हवी असते आणि ती देणें अशक्य नाहीं, या दोन्ही गोष्टी त्या आंकड्यानें सिद्ध केल्या. मात्र ती सोय प्रेक्षकांची होती. प्रेक्षकांस आणून सोडणारा आणि बाहेर ताटकळत बसणारा गाडीवान त्या हिशेबांत कोठेंच नाहीं.

पुढें १८७५ सालीं इंग्लंडांत सार्वजनिक आरोग्याचा मोठा कायदा झाला. त्यानें नगरसंस्थांस सार्वजनिक शौचकूप व मुताऱ्या बांधण्याचा अधिकार दिला. अधिकार दिला, कर्तव्य लादलें नाहीं. 'बांधतां येईल' आणि 'बांधलें पाहिजे' यांतील अंतर व्याकरणांत अल्प असेल, पण रस्त्यावर तें मैलांनीं मोजावें लागतें. ही स्थिति आजहि पालटलेली नाहीं. सार्वजनिक शौचालयें ठेवण्याची सक्ति इंग्लंडांतील स्थानिक संस्थांवर नाहीं, आणि खर्चाची काटकसर करण्याची वेळ आली म्हणजे या जागांस कुलूप लावणें त्यांना सोपें जातें.

त्याच १८७५ सालीं भाड्याच्या गाडीवानांची कींव कांहीं परोपकारी लोकांस आली. अड्ड्यावर गाडी उभी करून तिला सोडून जाण्यास गाडीवानास मनाई होती. पाऊस असो वा बर्फ पडो, त्यानें जागा सोडावयाची नाहीं. 'ग्लोब' पत्राचे संपादक कॅप्टन आर्मस्ट्राँग व लॉर्ड शॅफ्ट्सबरी प्रभृतींनीं निधि उभारून रस्त्याच्या कडेला हिरव्या रंगाच्या लांकडी खोल्या बांधण्यास आरंभ केला. १९१४ पर्यंत अशा ६१ खोल्या झाल्या. पैकीं १३ अजून उभ्या आहेत. घोडा आणि गाडी मिळून जेवढी जागा व्यापतील, त्याहून खोली मोठी असतां कामा नये, असा दंडक होता. तेवढ्यांतच शेगडी, चहा, गरम जेवण आणि दहाबारा माणसांस बसण्यापुरतीं बांकें. दारू, जुगार व शिवीगाळ यांस तेथें बंदी होती. हें काम चांगलें होतें यांत संशय नाहीं. पण निधीचा उद्देश निवारा व माफक दरांत अन्न देण्याचा होता. चहा प्याल्यानंतरची गोष्ट त्यांत आलेली नाहीं. गाडीच्या मागच्या चाकाआड लघुशंका करण्याची गाडीवानास कायद्यानें मुभा आहे, अशी एक आख्यायिका लंडनमध्यें सांगतात. कायद्यापेक्षां लोकांच्या तोंडींच ती अधिक नांदली. ज्याला हक्काची जागा नाहीं, त्याच्या नांवानें लोक अशा सवलती कल्पितात.

स्त्रियांची अवस्था याहून बिकट होती. नाटककार बर्नार्ड शॉ हे १८९७ पासून लंडनच्या सेंट पँक्रस भागाचे स्थानिक प्रतिनिधि होते. कॅम्डेन हाय स्ट्रीटवर स्त्रियांसाठीं शौचालय असावें, असा आग्रह त्यांनीं धरला. रहदारीस अडथळा होईल, असा विरोधकांचा आक्षेप. म्हणून १९०० सालीं नियोजित जागीं एक लांकडी सांगाडा उभा करण्यांत आला. तेव्हां बसवाले व गाडीवाले मुद्दाम त्यावर गाड्या आदळूं लागले, असें शॉ यांनीं लिहून ठेविलें आहे. रस्त्यावर दिवस काढण्याचा त्रास ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक, तेच दुसऱ्याची सोय मोडण्यास निघाले! आज त्याच शहरांत स्त्रियाहि मालाच्या गाड्या हांकतात, आणि पुरुषाला जो भिंतीचा आडोसा चालतो, तो त्यांना चालत नाहीं.

या मधल्या काळांत कारखान्यांतील कामगारांची स्थिति सुधारली. १९०१ च्या कायद्यानें तेथें पुरेशीं शौचालयें सक्तीचीं केलीं. कारखान्याला भिंती होत्या, म्हणून त्याचा धनी सांपडला. रस्त्याला धनी कोण? १९९२ च्या ब्रिटिश नियमांनीं कामाच्या जागीं ही सोय आवश्यक ठरविली, परंतु वाहनास 'कामाची जागा' या व्याख्येंतून बहुतांशीं वगळलें. अमेरिकेंतील नियमांत तर फिरतीवरील कामगारांना उघड अपवाद आहे: जवळच्या शौचालयापर्यंत नेणारें वाहन हाताशीं असलें म्हणजे झालें. कायदा करणारास वाहन ही सोय वाटली. पण मालानें भरलेली गाडी कोठें उभी करावी, आणि ठरलेल्या वेळा चुकल्यावर जाब कोणी द्यावा, हें ज्याचें त्यास ठाऊक. धनी म्हणतो, माल जेथें न्यावयाचा तेथें सोय असेल. तेथला मनुष्य म्हणतो, हा आमचा नोकर नव्हे. दोन दारांच्या मध्यें चालक उभाच राहतो.

हें कोडें सुटूं लागलें तें अगदीं अलीकडे. २०१७ मध्यें ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्यानें आपल्या मार्गदर्शनांत स्पष्ट केलें कीं, माल घेऊन येणाऱ्या चालकास त्या जागेंतील शौचालय वापरूं दिलेंच पाहिजे. २०२० च्या महामारींत कित्येकांनीं हीं दारें पुनः लाविलीं, तेव्हां सरकारास त्याची आठवण करून द्यावी लागली. मार्च २०२१ मध्यें अमेरिकेंतील एका लोकप्रतिनिधीनें, ॲमेझॉन कंपनीच्या कामगारांस बाटल्यांत लघवी करावी लागते, असें म्हटलें. कंपनीनें त्याची थट्टा केली. आणि एप्रिलच्या आरंभीं माफी मागून, आपल्या चालकांना शौचालय मिळणें कठीण जातें हें कबूल केलें. ही अडचण सबंध धंद्याचीच आहे, असेंहि तिनें सांगितलें. तें खरें आहे. पण सर्वांचा दोष म्हटला कीं तो कोणाच्याच माथीं बसत नाहीं. त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें जेवण पोंचविणाऱ्यांनीं स्वतः संघटित होऊन कायदा करून घेतला. ज्या उपाहारगृहांतून ते जेवण उचलतात, तेथील शौचालय त्यांना वापरूं द्यावें, असा तो कायदा २०२२ पासून लागू आहे. २०२२ मध्येंच वॉशिंग्टन राज्यानें मालमोटारींच्या चालकांसाठीं तसाच कायदा केला.

या सर्व कायद्यांनीं दुकान, कोठार व धक्का यांचीं दारें उघडलीं. घराचें दार त्यांत नाहीं, आणि तें कायद्यानें उघडावें असें आम्हीहि म्हणणार नाहीं. पण हा इतिहास परक्या शहरांचा म्हणून मिटून ठेवतां येत नाहीं; पुण्यामुंबईच्या जिन्यांवरूनहि आज तेच ओझें वर येत आहे. दारीं आलेल्यास पाणी विचारावें, ही आपली जुनी रीत. भर उन्हांत आलेला पोरगा पुष्कळदां 'नको' म्हणतो. आपणांस तो भिडस्त वाटतो. त्यानें मनांत हिशेब केलेला असतो. पाणी प्यालें तर पुढें जावयाचें कोठें? म्हणून तो तहान मारतो, लघवी कोंडून धरतो, आणि पुढें मूत्रमार्गाचा दाह किंवा मुतखडा घेऊन दवाखान्याची पायरी चढतो.

पाणी विचारण्याच्या त्या रीतींत एक अर्धा भाग राहून गेला आहे. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर, पहारेकऱ्यासाठीं म्हणून का होईना, एक शौचालय बहुधा असतें. त्यास कुलूप आहे कीं नाहीं, आणि असल्यास किल्ली कोणाजवळ असते, एवढें वाचकांनीं आज घरीं जातांना पाहून घ्यावें.