पाय न टेकवण्याची शर्यत

मोटारसायकलची शर्यत म्हटली की वेग आठवतो. ‘ट्रायल्स’मध्ये मात्र कस लागतो तोलाचा. खडक, चिखल, ओढे ओलांडताना पाय टेकला की १ दंडगुण, अडकलात तर ५. टायरात हवा कमी ठेवायची, म्हणजे तो दगडाला धरून राहतो.

स्कॉटलंडच्या सहा दिवसांच्या स्पर्धेत ब्रिटिश गाड्यांचा दबदबा होता. बेलफास्टच्या सॅमी मिलरने आपली ५०० सीसी एरियल एकेक भाग हलका करत घडवली, गाजवली. तरी १९६४ मध्ये तो स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला, टू-स्ट्रोक ‘शेर्पा’ घडवली आणि १९६५ मध्ये तिच्यावर तीच स्पर्धा जिंकला. जड गाड्यांचे दिवस सरले. जुन्या यंत्राची मर्यादा सर्वांत आधी कळली, ती त्याची मनापासून निगा राखणाऱ्यालाच!