विषाणूंवरील औषधे आणि परिचारिकेची जागल

पेनिसिलीनची कथा आपल्या वाचकांस ठाऊक आहे. विषाणूंवरील औषधांची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. विषाणू आपल्याच पेशीत शिरून तिच्या यंत्रणेवर जगतो. त्यास मारू जावे, तर पेशीही मरते. १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले आयडॉक्सयुरिडीन हे पहिले औषध म्हणूनच डोळ्यांत घालण्यापुरते राहिले. शरीरात देण्यास ते फार विषारी होते.

पुढची वाट गर्ट्रूड एलियन या विदुषीच्या प्रयोगशाळेने दाखविली. रीतसर अभ्यास करून डॉक्टरेट मिळविणे त्यांना साधले नव्हते. १९८८ चे नोबेल पारितोषिक मात्र त्यांना मिळाले. १९८२ पासून वापरात आलेले असायक्लोव्हिर हे मुख्यतः विषाणूने ग्रासलेल्या पेशीतच कार्यरत होते. नागीण आणि हर्पीसमुळे होणारा मेंदूदाह यांवर ते मोठे वरदान ठरले. परंतु हेच सौम्य औषध शिरेवाटे घाईने दिले, तर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. म्हणून ते निदान तासभर संथपणे सोडावयाचे, रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडू द्यावयाचे नाही, लघवी मोजावयाची, सुईच्या जागी सूज आली काय ते पुनःपुन्हा पाहावयाचे. हे काम परिचारिकेचे. औषधांच्या इतिहासात तिचे नाव सहसा नसते, ही उणीव आम्हांस खटकते.

एड्सच्या आरंभकाळी तर औषधच नव्हते. १९८३ साली सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलात क्लिफ मॉरिसन या परिचारकाने ५-बी हा वॉर्ड उभा केला. तेथे स्वेच्छेने आलेल्या परिचारिका रुग्णाचा हात उघड्या हातांनी धरीत; सुई व रक्त हाताळताना तेवढी दक्षता घेत. स्पर्शाने हा रोग जडत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले.

१९८७ च्या मार्चमध्ये एझेडटीला मान्यता मिळाली. जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ साली कर्करोगासाठी तयार केलेले आणि निरुपयोगी ठरल्याने बाजूस पडलेले हे रसायन! ते दर चार तासांनी, रात्रीही झोप मोडून घ्यावे लागे. रक्तक्षय इतका होई की कित्येकांना बाहेरून रक्त द्यावे लागे. १९९० मध्ये मात्रा निम्म्यावर आणली गेली.

१९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली, पण पश्चिमेकडील तिची किंमत वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात होती. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ती ३५० डॉलरांत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने हे उपचार मोफत सुरू केले. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. मात्र औषध स्वस्त झाले म्हणून घराघरांत वेगळे ठेवलेले ताट लगेच पंक्तीत आले, असे आम्ही म्हणणार नाही.

त्या पहिल्या औषधांत नेव्हिरापिन होते. पहिले चौदा दिवस ते निम्म्या मात्रेत द्यावयाचे, अंगावर पुरळ उठते काय, डोळे पिवळे दिसतात काय यावर लक्ष ठेवावयाचे. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. तरीही गोळ्या चुकत गेल्या, तर विषाणू औषधास दाद देईनासा होतो. त्यामुळे केंद्रावर दर खेपेस रुग्णाला डबी उघडावयास सांगतात आणि उरलेल्या गोळ्या मोजतात.