झोपेतून उठलेला लॅपटॉप

झाकण मिटलं, पुन्हा उघडलं. स्पीकर वाजतो, हेडफोन मात्र मुका. बंद करून सुरू केला की आवाज परत. संगमनेर-अकोल्याकडे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवून शिकणाऱ्याला हे छळतंच. एका खोलीत चौघं राहत असतील तर हेडफोन ही चैन नसते, तोच वर्ग असतो.

या मुकेपणाला इतिहास आहे. ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डाच्या ड्रायव्हरपासून वाढलेला यारोस्लाव्ह किसेलाचा आल्सा प्रकल्प डिसेंबर २००३च्या लिनक्स २.६मध्ये रुजला. २००४मध्ये इंटेलचं 'हाय डेफिनिशन ऑडिओ' आलं. मानक एक, पण चिपची कुठली पिन हेडफोनला जोडायची हे प्रत्येक लॅपटॉप कंपनीने आपल्या मर्जीने ठरवलं. झोपेत या चिपची वीज तुटते, मांडणी पुसली जाते. मशीन सुरू होताना बायॉस काही गोष्टी जुळवून देतो. जागं होताना सगळा भार ड्रायव्हरवर. त्याला त्या मॉडेलची खोड ठाऊक नसली, की संपलं.

म्हणून रिअलटेक चिपच्या ड्रायव्हरमध्ये मॉडेलगणिक नोंदी साठत गेल्या, तलाठ्याच्या दप्तरासारख्या. त्यांना 'क्वर्क' म्हणतात. आपला 'खोड' हा शब्द जास्त नेमका. सुसेचे ताकाशी इवाई वर्षानुवर्षं हे दप्तर सांभाळत आले.

नोंद नसेल तर एचडीए-व्हर्बने चिपला थेट आज्ञा देता येते. ती स्क्रिप्ट सिस्टमडीच्या सिस्टम-स्लीप फोल्डरात ठेवली की दर वेळी जागं होताना चालते. पण त्याच एका लॅपटॉपपुरती. आल्सा-इन्फोचा अहवाल जोडून तो उपाय आल्साच्या मंडळींकडे पाठवला, आणि त्यांनी घेतला, तर त्या मॉडेलचा प्रत्येक हेडफोन बोलू लागतो.