खंड, शेतजमिनीचा (नेरळ–कर्जत–खालापूर)

खंड : दुसऱ्याच्या नावावरील शेतजमीन एका हंगामासाठी अथवा सालासाठी कसावयास घेतली असता कसणाऱ्याने धारकास धान्यरूपाने किंवा रोखीने द्यावयाचा, आगाऊ ठरविलेला मोबदला. पीक येईल त्यातील हिस्सा देण्याच्या अर्धेली अथवा बटाईच्या वहिवाटीहून तो भिन्न आहे, कारण अर्धेलीत नफा व नुकसान दोघांच्या वाट्यास येते आणि खंडात, वेगळे काही बोलले गेले नसेल तर, सर्व जोखीम कसणाऱ्याच्या शिरावर राहते. प्रस्तुत नोंदीत खोत (सारावसुली करणारा जमीनदार) आणि कूळ (त्याची जमीन कसणारा) या ऐतिहासिक जोडीचा विचार प्रसंगापुरता केला असून मुख्य विषय बांधाला बांध लागलेल्या दोन शेतकऱ्यांमधील खंडाचा आहे. नेरळच्या आसपास असा प्रसंग वारंवार येतो. एका घरची मुले पहाटेच्या लोकलने कल्याणकडे कामाला जातात आणि खाचर पडीक राहू लागते, तर शेजारच्या घरी अवजार असते, माणसे असतात, पण जमीन अपुरी असते. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरच्या काळी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचेच नाव रायगड झाले. जिल्हे बदलले तरी खंडाची बोलणी तोंडीच होत राहिली.

जमिनीची प्रत. उल्हास नदीचे खोरे आणि माथेरानच्या डोंगराचा पायथा यांमधील या पट्ट्यात पाऊस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांवर पडतो, आणि तो चार महिन्यांतच पडून जात असल्यामुळे एकाच शिवारातील दोन खाचरांची किंमत सारखी धरता येत नाही. ओढ्याकाठच्या खोल खाचरात पाणी टिकते, परंतु पुराचे भय असते. वरच्या अंगाच्या खाचरात भय नाही, पण भाद्रपदात पावसाने ओढ दिली की पोटरीला आलेले भात करपते. भाताच्या खाचराला वरकस जमिनीची जोड लागते, कारण गवत, पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा तो तिच्या जिवावर; वरकस हाती न देता नुसते खाचर खंडाने दिले, तर कसणाऱ्याला राबासाठी दुसऱ्या दारी जावे लागते, आणि तो खर्च खंडातून वजा व्हावयास हवा. याउलट भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याने ज्या शेतांना मिळते तेथे उन्हाळी भाताचे दुसरे पीक निघते. अशा जमिनीचा पावसाळी व उन्हाळी खंड निरनिराळा ठरवावा आणि पाणीपट्टी कोणी भरावयाची हेही त्याच बैठकीत बोलून घ्यावे.

पूर्वपीठिका. खंडाच्या न्याय्यतेचा प्रश्न या जिल्ह्यात रक्ताचे पाणी करून लढविला गेला आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. वर्षानुवर्षे हाती असलेली जमीन आपण होऊन पडीक टाकणे हे भातशेतीवर जगणाऱ्या माणसाला किती जड जाते, हे ज्याने आवणीच्या दिवसांत शेत पाहिले आहे त्यास सांगावयास नको. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, पुढील वर्षाच्या आरंभी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, आणि १९३९ मध्ये पहिला कुळकायदा झाला. कर्जत तालुक्यात शेतकऱ्यांची संघटना बांधणारे, माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे धारातीर्थी पडले.

कायद्यातील प्रमाण. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने बागाईत जमिनीस पिकाच्या चतुर्थांशाची व इतर जमिनीस तृतीयांशाची कमाल मर्यादा घातली. बागाईतास कमी हिस्सा का, असा प्रश्न पडावा. तर पाण्याखालील पिकाला कसणाऱ्याचा खर्च अधिक लागतो, हे त्याचे साधे कारण. १९५६ च्या दुरुस्तीने पिकाचा हिस्सा सोडून आकाराचा, म्हणजे सरकारी शेतसाऱ्याचा, आधार घेतला : खंड आकाराच्या दुपटीहून कमी नसावा, आणि आकाराची पाचपट अथवा एकरी वीस रुपये यांपैकी जी रक्कम लहान असेल तिच्याहून अधिक नसावा. २०२४-२५ च्या हंगामात साधारण भाताची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. म्हणजे त्या काळी ज्या वीस रुपयांत एका एकराचा सालाचा खंड फिटावयाचा, त्यांत आज किलोभर भातही येत नाही. कायद्याचे प्रमाण असे कालबाह्य झाल्यामुळे शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील व्यवहाराला त्याचा उपयोग उरलेला नाही. न्याय्य खंड ठरविण्याचे काम न्यायालयांवर सोपविणाऱ्या आयर्लंडच्या १८८१ च्या कायद्यानेही ‘न्याय्य’ म्हणजे काय याची व्याख्या केली नव्हती; ठरलेला खंड पंधरा वर्षे बदलावयाचा नाही, एवढी मात्र तजवीज केली होती, आणि ती आपल्याकडे असती तर बरे झाले असते.

कागदाचे भय. १९४८ च्या अधिनियमाच्या कलम ४ अन्वये दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा इसम कूळ मानला जातो. घरचा माणूस, मजुरीवर ठेवलेला गडी आणि ताबेगहाणदार यांना तेवढे त्यातून वगळले आहे, आणि मजुरी पिकाच्या हिश्शाने दिली जात असेल तर गड्यालाही ती सवलत नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कुळे जमिनीची मालक मानली गेली, आणि त्यानंतर निर्माण झालेल्या कुळवहिवाटीतही एका वर्षाच्या आत जमीन खरेदी करण्याचा हक्क कलम ३२-ओ देते. ज्या पिढीने हे पाहिले तिच्या नातवंडांच्या मनातूनही ‘कूळ लागेल’ ही धास्ती गेलेली नाही. परिणाम असा की, धारक कागद करीत नाही, दरसाल कसणारा बदलतो किंवा खाचर पडीक ठेवतो. आणि कसणाराही, उद्या जमीन हातची जाणार या जाणिवेने, बांधाला एक घमेले माती घालीत नाही. कायद्याने कुळाला दिलेले संरक्षण त्या काळी आवश्यकच होते. तथापि आज पंधरा-वीस गुंठ्यांचे तुकडे एकमेकांना देणाऱ्या दोन समान ऐपतीच्या शेजाऱ्यांना ते अडसर होऊन बसले आहे, हे मान्य करावयास हवे. नीती आयोगाच्या २०१६ च्या आदर्श जमीनपट्टा कायद्याचा रोख हाच होता की, धारकाचा मालकीहक्क अबाधित राखून लेखी पट्टा निर्धास्तपणे करता यावा.

आकडा कसा काढावा. बोलणीत बहुधा आकडा कोणीच प्रथम उच्चारीत नाही. ‘दादा, तुम्ही सांगाल ते’ असे एकाने म्हणावे, ‘तुमच्याशी काय व्यवहार करायचा’ असे दुसऱ्याने म्हणावे, आणि दिवाळीनंतर झोडणी आटोपली म्हणजे दोघांच्याही मनात निरनिराळा आकडा असल्याचे उघडकीस यावे, हा क्रम इतका ठरलेला आहे की अशा संकोचापेक्षा रोखठोक भांडण परवडले. हिशेब अवघड नाही. एका एकरात बारा क्विंटल भात निघाले असे समजू. राब, नांगरट, चिखलणी, आवणी, खत, कापणी व झोडणी यांचा खर्च, घरच्या माणसांची मजुरी गावच्या दराने धरून, सात क्विंटलांच्या किमतीइतका झाला, तर शेष पाच क्विंटल राहते. या पिकाची अर्धेल म्हणजे सहा क्विंटल. सर्व खर्च कसणाऱ्याचा असेल तर त्याला पदरचे एक क्विंटल घालून दुसऱ्याचे शेत कसावे लागेल. तृतीयांश दिला तर चार क्विंटल जातात आणि वर्षाच्या जोखमीचा मोबदला म्हणून एकच क्विंटल उरते. म्हणून खंड एकूण उत्पन्नावर न मोजता शेषावर मोजावा, हेच योग्य होय. शेष ही त्याची वरची मर्यादा. शेतसारा आणि बांधबंदिस्तीचा वार्षिक खर्च ही खालची. या दोहोंमध्ये, शेषाच्या निम्म्याजवळ, म्हणजे वरील उदाहरणात अडीच क्विंटलांच्या आसपास, खंड ठरला तर कोणा एकावर अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. जुन्या पद्धतीत हा खंड खंडी-मणांत ठरे आणि पायली कोणाच्या घरची घ्यावयाची यावरून खळ्यावर वाद होई. आता काटा आला असला तरी भात ओले मोजावयाचे की उन्हे देऊन, हा वाद शिल्लक आहेच. रोखीपेक्षा धान्याच्या ठराविक वजनाचा खंड अधिक टिकाऊ ठरतो, कारण भाव चढला वा उतरला तरी दोघांचे प्रमाण बदलत नाही.

आनुषंगिक बाबी. कटुता येते ती बहुधा मुख्य आकड्यावरून न येता त्याच्या भोवतालच्या गोष्टींवरून येते. पेंढा कोणाचा? बांधावरील ऐनाच्या डहाळ्या राबासाठी कोणी तोडावयाच्या, आणि बांधावरचे गवत कोणाच्या गुरांना? भात निघाल्यावर खाचराच्या ओलीवर कडवे वाल पेरले तर तो वेगळा हंगाम धरावयाचा काय? मोठ्या पावसात मुख्य बांध फुटला, तर तो घालणे धारकाचे काम आणि रोजची डागडुजी कसणाऱ्याची, ही वाटणी समंजसपणाची आहे. परंतु ती आधी बोललेली असली तरच. अलीकडे यांत सरकारी कागदाची भर पडली आहे. पीक पाहणीची नोंद, खरेदी केंद्रावरील भाताची विक्री आणि अवकाळी पावसाची नुकसानभरपाई ही सर्व सातबाऱ्यावरील नावाच्या आधाराने चालतात, म्हणून ज्याचे भात भिजले त्याच्याऐवजी ज्याच्या नावे जमीन आहे त्याच्या खात्यात पैसे जमा होण्याचा संभव असतो. ही रक्कम कसणाऱ्याची आहे. ती मिळताच त्यास द्यावी, अथवा तेवढा खंड वजा करावा.

नापिकीचे वर्ष. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली, ते ठिकाण नेरळपासून दूर नाही. अशा पुराखाली नुकतीच आवणी झालेली खाचरे गेली तर खंड मागावयाचा कशाचा? अधिनियमाच्या कलम १३ मध्ये तत्त्व सांगितलेले आहे : सरकारने शेतसारा तहकूब वा माफ केला तर खंडही त्या मानाने तहकूब वा माफ व्हावा. शेजाऱ्यांनी याच तत्त्वावर गावच्या पैसेवारीचा, म्हणजे पूर्वीच्या आणेवारीचा, आधार घ्यावा आणि ती पन्नासच्या खाली गेल्यास खंड निम्मा, असे आरंभीच ठरवून ठेवावे. पैसेवारी दोघांपैकी कोणाच्या हातची नसते, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र ती साऱ्या गावाची असल्याने एकट्यादुकट्याच्या नदीकाठच्या खाचराचे दुःख तिच्यात दिसत नाही, तेवढ्यापुरता पंचनामा पाहावा.

जमिनीचा बाजारभाव. शेतघरे बांधणाऱ्यांच्या आणि भूखंड पाडणाऱ्यांच्या मागणीमुळे नेरळ-कर्जत भागात जमिनीची किंमत भाताच्या उत्पन्नाशी कोणतेच नाते न राखता वाढली आहे, आणि त्या किमतीवर व्याज मोजून खंड मागणारे धारकही भेटतात. ही मागणी ग्राह्य नाही. विक्रीचा लाभ धारकाचा धारकाकडेच राहतो, आणि कसणाऱ्याने घेतलेले असते ते केवळ एका सालाचे पीक. जमीन ठाकूर, कातकरी अथवा अन्य आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ अन्वये बिगर-आदिवासी शेजाऱ्यास पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यासाठीही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. खंडाची बोलणी राब भाजण्यापूर्वी संपवावी आणि बोलणीस बसण्यापूर्वी सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना उभयतांनी वाचून घ्यावा.