कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे आणि प्रोस्टेट कर्करोग : आयुर्मानाशी संबंध किती?

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी जगभरात कोट्यवधी लोक घेत असलेल्या स्टॅटिन वर्गातील औषधांमुळे प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांचे आयुष्य वाढते का, हा प्रश्न गेली दोन दशके संशोधकांपुढे आहे. या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांमध्ये कर्करोगाने होणारे मृत्यू कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले. मात्र हा परिणाम औषधाचाच आहे, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

प्रोस्टेट म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते. जगभरात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये या ग्रंथीच्या कर्करोगाचा दुसरा क्रमांक लागतो. २०२२ मध्ये त्याचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. हा आजार प्रामुख्याने उतारवयात होतो आणि याच वयात हृदयविकारही बळावतो. त्यामुळे प्रोस्टेट कर्करोगाचे निदान होते, तेव्हा अनेक रुग्ण आधीपासूनच स्टॅटिन घेत असतात.

संशयापासून आशेपर्यंत

स्टॅटिनचा शोध जपानमध्ये लागला. टोकियोतील सांक्यो कंपनीचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून कॉम्पॅक्टिन हे द्रव्य मिळवले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यासाठी आवश्यक असलेल्या एका विकराला हे द्रव्य रोखून धरते. १९८० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत गाठी झाल्याच्या संशयावरून या द्रव्याच्या चाचण्या थांबवण्यात आल्या. आज कर्करोगावर उपयोगी ठरेल का, म्हणून ज्या औषधांची तपासणी होत आहे, त्यांच्या पूर्वजावर एकेकाळी कर्करोगाचाच संशय होता.

अमेरिकेत १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिनमुळे एकूण मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि या औषधांचे स्थान पक्के झाले. कर्करोगाविषयीची शंकाही पुढे दूर झाली. सुमारे पावणेदोन लाख लोकांचा समावेश असलेल्या २७ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टॅटिनमुळे कर्करोग वाढत नाही आणि कमीही होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र त्या चाचण्या हृदयविकारासाठी होत्या. प्रोस्टेट कर्करोग झालेल्या रुग्णाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहिला.

संप्रेरकांशी नाते

पुरुषी संप्रेरकांवर प्रोस्टेट कर्करोग पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर टेस्टोस्टेरॉनची पातळी खाली आणणे हा आजही मुख्य उपचार आहे.

टेस्टोस्टेरॉन शरीरात कोलेस्टेरॉलपासूनच तयार होते. संप्रेरके रोखल्यानंतरही कर्करोगाच्या काही पेशी स्वतः ती बनवू लागतात, किंवा अधिवृक्क ग्रंथींकडून येणारी पूर्वद्रव्ये शोषून घेतात. ही पूर्वद्रव्ये ज्या वाहक प्रथिनामार्फत पेशीत शिरतात, त्याच प्रथिनामार्फत स्टॅटिनही आत जाते. त्यामुळे वाट अडून पेशीला कमी खाद्य मिळत असावे, अशी मांडणी बोस्टनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये केली. त्यांनी अभ्यासलेल्या ९२६ रुग्णांमध्ये संप्रेरक उपचार सुरू होताना स्टॅटिन घेणाऱ्यांचा आजार पुन्हा बळावण्यास सरासरी २७.५ महिने लागले, तर न घेणाऱ्यांच्या बाबतीत हा काळ १७.४ महिने होता.

मोठ्या नोंदींमधील निष्कर्ष

ब्रिटनमधील ११,७७२ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कर्करोगाने होणारे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी होते. निदानापूर्वीपासून गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हा फरक अधिक ठळक होता. डेन्मार्कमधील ३१,७९० रुग्णांच्या २०१७ मधील अभ्यासात हे प्रमाण १७ टक्क्यांनी कमी आढळले.

आकड्यांमागील सापळे

हे सर्व अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. कोणी गोळी घ्यावी हे त्यात संशोधकांनी ठरवलेले नव्हते. नियमित औषधे घेणारा माणूस बहुधा वेळेवर तपासण्याही करून घेतो आणि प्रकृतीची काळजी घेतो. उलट, प्रकृती खालावलेल्या रुग्णाची स्टॅटिनची गोळी डॉक्टर अनेकदा बंद करतात. अशा वेळी गोळी बंद झाल्याने मृत्यू आला, असा आभास निर्माण होतो.

आणखी एक दोष काळाच्या हिशेबात असतो. निदानानंतर सहा महिन्यांत मरण पावलेल्या रुग्णाला गोळी सुरू करण्याची संधीच मिळत नाही. तीन वर्षांनी गोळी सुरू करणारा रुग्ण मात्र ती तीन वर्षे जगलेलाच असतो. ही वर्षे औषधाच्या खात्यावर जमा केली, तर निरुपयोगी गोळीही आयुष्य वाढवणारी ठरते. मोठ्या अभ्यासांत हा दोष टाळण्याचा प्रयत्न झाला आहे. तथापि, अमेरिकेतील १७ हजारांहून अधिक वृद्ध कर्करुग्णांच्या नोंदींचे २०१८ मध्ये चाचणीच्या धर्तीवर काटेकोर विश्लेषण केले गेले, तेव्हा स्टॅटिन सुरू करणारे आणि न करणारे यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. या रुग्णांमध्ये प्रोस्टेटसह इतर अवयवांच्या कर्करोगाचे रुग्णही होते.

स्टॅटिनमुळे रक्तातील पीएसए या घटकाची पातळीही किंचित घटते. अमेरिकेतील १,२१४ पुरुषांच्या २००८ मधील अभ्यासात ही घट सुमारे ४ टक्के होती. प्रोस्टेट कर्करोगाचा संशय याच घटकावरून घेतला जात असल्याने निदानाच्या वेळेवरही तिचा परिणाम होऊ शकतो.

चाचणीची कसोटी

रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून केलेली चाचणी हीच यावरील खरी कसोटी आहे. फिनलंडमधील ताम्पेरे येथे १६० पुरुषांना प्रोस्टेट काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी रोज ८० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन किंवा औषधविरहित गोळी देण्यात आली. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार कर्करोगाच्या पेशींच्या वाढीच्या वेगात दोन्ही गटांत एकूण फरक नव्हता. तीव्र स्वरूपाचा आजार असलेल्या आणि किमान चार आठवडे औषध घेतलेल्या रुग्णांमध्ये अनुकूल चिन्हे दिसली. परंतु एका उपगटातील अशी चिन्हे पुढील संशोधनाला दिशा देतात, निर्णय देत नाहीत. आधीच्या उपचारांना न जुमानणाऱ्या किंवा संप्रेरक उपचार घेत असलेल्या रुग्णांवर ॲटोरव्हास्टॅटिनच्या चाचण्या फ्रान्स आणि फिनलंडमध्ये हाती घेण्यात आल्या.

हृदयाकडे दुर्लक्ष नको

प्रोस्टेट कर्करोगाचे अनेक रुग्ण कर्करोगाने नव्हे, तर हृदयविकाराने दगावतात. टेस्टोस्टेरॉन कमी करणाऱ्या उपचारांमुळे चरबी वाढते, मधुमेहाचा धोका वाढतो आणि कोलेस्टेरॉलचे संतुलन बिघडू शकते. त्यामुळे कर्करोगावरील परिणाम अनिश्चित असला, तरी हृदयासाठी स्टॅटिनची गरज असलेल्या रुग्णाला त्याचा सिद्ध झालेला लाभ मिळतोच.

भारतात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मोठ्या शहरांतील कर्करोग नोंदणीत प्रोस्टेट हा पुरुषांमधील प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे आणि हृदयविकार हे देशातील मृत्यूंचे एक मोठे कारण आहे. ॲटोरव्हास्टॅटिनचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत असून ते सहज उपलब्ध आहे. मात्र सहज मिळते म्हणून ते स्वतःहून सुरू करणे योग्य नाही. या औषधांमुळे काहींना स्नायुदुखी होते, यकृताच्या तपासण्यांत बदल दिसतात आणि मधुमेहाची शक्यता थोडी वाढते. प्रोस्टेट कर्करोगावरील एन्झालुटामाइडसारख्या औषधामुळे काही स्टॅटिनचा प्रभाव घटतो. म्हणून आपण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची माहिती रुग्णाने कर्करोगतज्ज्ञाला देणे आवश्यक आहे.

आजच्या पुराव्यानुसार केवळ कर्करोगासाठी स्टॅटिन सुरू करण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे, हृदयासाठी सुरू असलेली गोळी कर्करोगाचे निदान झाले म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करण्याचेही कारण नाही.