चेंडू ठेवावा की द्यावा?

शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा डाव रंगलेला असतो. एखादा मुलगा चेंडू पायाशी घेऊन निघतो. एकाला हुलकावणी देतो, दुसऱ्याला चकवतो आणि तिसऱ्याच्या पायात अडकतो. त्याच क्षणी चोहोबाजूंनी आरोळी उठते, 'अरे, पास दे, पास दे!' लहानपणी ही आरोळी मी पुष्कळदा ऐकली आहे आणि तिच्यामागून येणारे 'स्वार्थी' हे विशेषणही निमूटपणे स्वीकारले आहे. पुढे या खेळाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मात्र मोठी गंमत वाटली. आज ज्याला आपण स्वार्थीपणा म्हणतो, तोच आरंभीच्या काळात मुळी फुटबॉलचा खेळ होता!

चेंडू पायाच्या हलक्या टिचक्यांनी पुढे नेत, आडव्या येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चकवून निसटायचे, या कौशल्याला ड्रिब्लिंग म्हणतात. हुतूतू आणि खो-खो खेळलेल्या मराठी माणसाला हुलकावणीचे मर्म समजावून सांगावयास नको. परंतु तेथे केवळ आपले अंग वाचवायचे असते. येथे अंगाबरोबर चेंडूही वाचवावा लागतो.

१८६३ सालच्या २६ ऑक्टोबरला लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि त्या वर्षअखेर तिने आपले पहिले नियम सिद्ध केले. त्यांतील एका नियमाने खेळाचे रूपच ठरवून टाकले. आपल्या सोबत्याने चेंडू मारला असता जो खेळाडू चेंडूच्या पुढे असेल, तो खेळातून बाद समजला जाई. म्हणजे पुढच्या सोबत्याला पास देणे अशक्यच. मग उरले काय? चेंडू पायाशी घेऊन एकट्याने शत्रुपक्षात घुसावे, आणि सोबत्यांनी मागे मागे धावत राहून, त्याच्या पायातून निसटलेला चेंडू उचलून पुढे न्यावा. एकाने लढावे आणि बाकीच्यांनी त्याच्या पडण्याची वाट पाहावी, असा तो प्रकार होता.

१८६६ साली हा नियम सैल झाला. पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये निदान तीन प्रतिस्पर्धी असतील, तर त्याला चेंडू देण्याची मुभा मिळाली. तरीही इंग्रज खेळाडू बरीच वर्षे जुन्याच वळणाने खेळत राहिले. परिपत्रक निघाले म्हणून रीत बदलत नसते, हा अनुभव सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्याला तरी नवा नाही.

नव्या नियमात कोणती शक्ती दडलेली आहे, हे प्रामुख्याने स्कॉटिश खेळाडूंनी ओळखले. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबाचे होते. इंग्रज अंगाने भारी; त्यांनी आठ गडी आघाडीला ठेवले होते. स्कॉटिश खेळाडू हलके, पण एकमेकांच्या सवयी जाणणारे. गोल एकही झाला नाही. तथापि पुढील दहा वर्षांत स्कॉटलंडने बहुतेक सामने जिंकले आणि १८७८ साली तर इंग्लंडचा ७-२ असा फडशा पाडला. सहकार्याने एकट्याच्या पराक्रमावर मात केली, हा धडा इंग्रजांनीही मग गिरवला.

ड्रिब्लिंगची कथा येथेच संपावयास हवी होती. पण ती संपली नाही. तिचा अर्थ बदलला. याचे कारण साधे गणित आहे. दोन्हीकडे अकरा गडी असताना नुसत्या देवाणघेवाणीने संख्या समानच राहते. एकाने एका प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले, की दुसऱ्या कोणाला तरी आपली जागा सोडून त्याला अडवावयास यावे लागते. तो आला की ज्याला तो राखत होता, तो खेळाडू मोकळा होतो. पास त्या मोकळ्या खेळाडूपर्यंत पोहोचतो खरा. पण त्याला मोकळे करते ती हुलकावणी.

२९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. मोहन बागानचे अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. प्रथम गोरे पुढे गेले. कर्णधार शिबदास भादुडी यांनी बरोबरी साधली. आणि सामना संपत आला असता त्यांनी बचावफळी भेदून चेंडू अभिलाष घोष यांच्याकडे दिला. विजयाचा गोल अभिलाषांचा.

२ मे १९५३ रोजी वेम्बली मैदानावर एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूल संघ १-३ असा मागे पडला होता. त्यांचे स्टॅन्ली मॅथ्यूज तेव्हा अडतीस वर्षांचे होते. शरीराचा झोक आत देऊन बचावपटूचा तोल तिकडे जाऊ द्यायचा आणि आपण बाहेरून निसटायचे, ही त्यांची हातखंडा युक्ती. ३-३ अशी बरोबरी झाल्यावर अखेरच्या क्षणी ते असेच निसटले आणि त्यांनी चेंडू मागे दिला. बिल पेरी यांनी गोल केला. १९५८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्वीडनने पहिला गोल केल्यावर वाकड्या पायांच्या गारिंचाने उजव्या बाजूने दोनदा मुसंडी मारली. दोन्ही वेळा गोल केला तो वावाने.

अपवाद आहेच. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत इंग्लंडविरुद्ध दिएगो माराडोना आपल्या अर्ध्या मैदानातून निघाला आणि गोलरक्षकासह साऱ्यांना चकवून त्याने स्वतःच गोल केला. दुसऱ्या बाजूने त्याचा सोबती धावत होता. त्याला पास मिळाला नाही. या गोलाला स्वार्थी म्हणण्यास मात्र कोणाची जीभ रेटणार नाही.

ही विद्या शिकावी कशी? मर्म इतकेच, की चेंडू पायाच्या निकट राखावा आणि नजर प्रतिस्पर्ध्याच्या तोलावर ठेवावी. ज्या पायावर त्याचा भार पडला, त्या बाजूला तो क्षणभर खिळलेला असतो, आणि वाट उघडते ती विरुद्ध बाजूने. हे सांगावयास एक वाक्य पुरते. अंगी बाणण्यास शेकडो चेंडू गमवावे लागतात. पहिल्याच चुकीला ज्याच्यावर आरोळी उठते, तो मुलगा धोका पत्करणे सोडून देतो आणि चेंडू आला की चटकन दुसऱ्याकडे ढकलून मोकळा होतो. कचेरीत कागद ढकलणारी मंडळी बहुधा याच शाळेत तयार होत असावीत!

म्हणून 'पास दे' ही आरोळी खोटी नाही. ती फक्त एक क्षण उशिरा उठावी. मुलाला एकाला तरी चकवू द्यावे. न जमले तर चेंडू जाईल, जाऊ द्यावा. जमले, तर देण्याजोगा पास तेव्हाच त्याच्या हाती येईल.