‘शंभर वॅट’ म्हणजे नेमके किती?

मंडळाच्या जुन्या जमाखर्चात किंवा वाद्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत ‘१०० वॅट’ दिसलं की आपण तो आकडा उचलतो आणि तक्त्यात भरतो. ध्वनीच्या इतिहासात काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. वॅट हे एकक बदललेलं नाही, पण ते कशाचे वॅट आहेत हे मात्र दर वेळी बदलतं.

गिटारपासून सुरुवात करू. १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शल यांनी गिटारचे अॅम्प्लिफायर बनवायला घेतले. तेव्हाचे सेलेस्शन स्पीकर एकेकटे फार ताकद सोसत नसत, म्हणून एका कॅबिनेटमध्ये १२ इंची चार स्पीकर आले. १९६५ च्या सुमारास ‘द हू’च्या पीट टाउनशेंडला १०० वॅट हवे होते. आठ स्पीकरची पेटी उचलणाऱ्यांचे हाल व्हायला लागले, म्हणून तिच्या दोन पेट्या झाल्या आणि एकावर एक रचल्या गेल्या. पुढे रूढ झालेले २५ वॅटचे चार स्पीकर घेतले तर एका पेटीची क्षमता १०० वॅट. वाटतं, हिशेब जमला! पण व्हॉल्व्हच्या अॅम्पवर लिहिलेले वॅट स्वच्छ आवाजाचे असतात. गिटारवाला तो मुद्दाम फाडून वाजवतो, आणि लहरीची डोकी सपाट झाली की शक्ती दुपटीकडे जाते. म्हणजे फोटोत ऐट म्हणून दिसणारी दोन पेट्यांची ती भिंत हिशेबानेही शहाणपणाची होती. अर्थात १६ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ८ ओहम होतात, आणि अॅम्पचा खटकाही ८ वरच हवा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अॅम्प जोरात वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच जळू शकतो.

आता पुण्याच्या मांडवात या. रस्ताभर खांबांवर कर्णे असतात, तिथे बहुधा १०० व्होल्ट लाइन वापरतात. प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर, आणि तो किती वॅट ओढणार हे टॅप निवडून ठरवायचं. सगळ्या टॅपांची बेरीज अॅम्पच्या आत ठेवली की झालं. इथे ओहमची डोकेफोड नाही. त्यामुळे मांडवातले १०० वॅट आणि गिटारचे १०० वॅट एका रकान्यात बसत नाहीत.

तिसरा प्रकार ‘पीएमपीओ’चा. १९९० च्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर हजारांत छापलेला हा आकडा क्षणिक, कागदी कमाल दाखवतो. माझ्या मते तो जाहिरातीच्या इतिहासाचं साधन आहे, ध्वनीच्या नाही. अमेरिकेत घरगुती अॅम्पचे वॅट कसे मोजून सांगायचे याचा सरकारी नियम १९७४ मध्येच झाला होता.

आणि आवाज? ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये वॅटची मर्यादा नाहीच. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, असा हिशेब आहे. शक्ती दुप्पट केली तरी फक्त ३ डेसिबल वाढतात. एका वॅटला, एका मीटरवर ९७ डेसिबल देणारा स्पीकर १० वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८७ डेसिबलवाल्याला १०० वॅट लागतात. म्हणून ‘अमुक साली मंडळाने दुप्पट वॅट आणले, म्हणजे गोंगाट दुप्पट झाला’ हे वाक्य प्रबंधात टिकणार नाही. नोंद करताना वॅटशेजारी चार गोष्टी लिहा: अॅम्पचे की स्पीकरचे, सलग की क्षणिक, किती ओहमवर, आणि स्पीकरची संवेदनशीलता किती. शेवटची बहुतेक कागदांत सापडत नाही. तिथे रकाना रिकामा ठेवा.